पाद्रीसाहेब, तुमच्या नावाचं पत्र मी फोडलं

प्रिय पाद्रीसाहेब,

जयभीम.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुमच्या कबरीवर दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा शेळ्या हाकलायला. राग होता माझा तुमच्यावर. अजूनही आहे. मग आज पत्र कशाला, असं म्हणाल. कारण तुमच्या नावाचं एक पत्र आलं आहे आणि ते मी फोडलं आहे.

मंगळवारी पोस्टमन दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला. म्हणाला, "बाई, साहेबाच्या नावाचं हाये. वापस धाडू का कोनाले देऊ?" मी हात पुढे केला. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसले. देवरावचं अक्षर होतं. दोन वर्षं झाली नवरा घर सोडून गेला, मला एक ओळ नाही, आणि तुम्हाला पत्र!

दुसऱ्याचं पाकीट फोडू नये हे तुम्हीच मला शिकवलंत. फोडलं. तुम्हीही वाचा आता:

"साहेब, मी चांद्याकडे कोळशाच्या खाणीत आहे. खाणं-पिणं ठीक आहे. तुमचा हात सुधरला असन. शेवंताले एवढं सांगा की तो मी नव्हतो. ती तुमचं मानते. तुमचं उत्तर आलं की मी घरी येतो."

बस. खाली खोलीचा पत्ता. तुम्ही नाही राहिलात हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तिकडे तो रोज पोस्टमनची वाट पाहत असेल आणि इकडे मी ते पत्र हातात धरून बसले आहे. काय करू मी, साहेब? आज चौथा दिवस आहे. काल एका पोराला एकच इंजेक्शन दोनदा द्यायला निघाले होते, त्याच्या आईनं हात धरला म्हणून वाचलं.

तुमच्या टेबलाच्या खणात तुमचे कोरे कागद आहेत अजून. दौत आहे, टाक आहे. आणि तुमचं अक्षर मला येतं, कारण मी लिहायला शिकले ते तुमचंच गिरवून. तुमचा तो पोट फुगलेला 'श' माझ्या हातातून आपोआप उतरतो. तीन दुपारी दवाखाना बंद करून मी तुमच्या खुर्चीवर बसले, आणि काल लिहिलं, "देवराव, मी शेवंताला सांगितलं, तो तू नव्हतास. घरी ये." खाली तुमची सही केली. तुम्ही स्वतः पाहिली असतीत तरी फसला असतात, इतकी हुबेहूब.

पण ते पाकिटात घालवेना. खोटं आहे म्हणून नव्हे. खोटं मी पुष्कळ बोलते, बाळंतिणींच्या सासवांशी तर रोज बोलते. खोटं आहे की खरं, हेच मला ठाऊक नाही म्हणून.

ते ठाऊक असलेला माणूस एकच होता. तुम्ही.

आठवतं का, हे सगळं कुठून सुरू झालं? आधी तर देवराव तुमचा उजवा हात होता. तुमची खटारा जीप त्याच्याशिवाय कोणाला दाद देत नसे. पुस्तकातली मराठी घेऊन तुम्ही आमच्याकडे आलात आणि बाजारात 'मला भेंडी हवी आहे' म्हणालात तेव्हा भाजीवाली पदर तोंडावर धरून हसली. देवरावनंच तुम्हाला 'मले' आणि 'तुले' शिकवलं. मग तुम्ही प्रार्थना पुस्तकातल्या भाषेत करायचात आणि भांडण आमच्या भाषेत. तुमचं खरं नाव मात्र शेवटपर्यंत आमच्या तोंडात बसलं नाही.

छप्पन साली आमच्या अख्ख्या वस्तीनं दीक्षा घेतली. आम्ही नवराबायको तोवर दर रविवारी तुमच्या प्रार्थनेला येत होतो, बाप्तिस्म्याच्या यादीत नावंही होती. देवरावनं तुम्हाला येऊन सांगितलं, की साहेब, आमची नावं काढा. तुम्ही वही उघडलीत, नावांवर रेघ मारलीत आणि विचारलंत, "जीप तर चालवशील ना गा?" तुमचे डोळे भरले होते, पण तुम्ही आम्हाला कामावरून काढलं नाहीत. माझा दवाखाना राहिला, त्याची जीप राहिली. ते उपकार मी विसरले नाही.

पण दुखणं तुमच्या पोटात राहिलं, नाही का? नाहीतर चार वर्षांनी ढाणकीच्या बाजारात, उभ्या बाजारात उपदेश करताना, तुम्ही ते कशाला बोललात? म्हणालात, काही लोक तहानेले आले, आमच्या विहिरीवर पाणी प्याले आणि मग दुसऱ्या विहिरीवर गेले. देवराव जीपला टेकून ऐकत होता. तो गर्दीतून पुढे आला.

"साहेब, तुमच्या इहिरीवर आमी पाहुणे होतो," तो म्हणाला. "हे आमची सोताची हाये." तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो रागावला की मागचंपुढचं पाहत नाही. म्हणाला, "फिरून माह्या समाजाले काही बोलले तं हात मोडून ठेवीन." जीपची किल्ली तुमच्या पायाशी टाकून तो निघून गेला. अर्ध्या बाजारानं ऐकलं.

आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला, फुलसावंगीच्या रस्त्यावर, सायकलवरून एकटे येताना तुम्हाला कोणीतरी काठीनं मारलं. डावा हात कोपराखाली मोडला. चष्मा फुटला.

हाड मीच बसवलं, आठवतं ना? फळ्या बांधताना तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं घामानं भिजलात. मी विचारलं, "साहेब, कोन होता?" तुम्ही म्हणालात, "मानूस होता."

"तोंड पाह्यलं का तुमी?"

"पाह्यलं."

आणि पुढे काही नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. मेमसाहेबांनाही नाही! तुम्ही गेल्यावर त्या कॅनडाला परत जायच्या दिवशी पेट्या भरत होत्या तेव्हा मी त्यांचे पाय धरले, म्हटलं, तुम्हाला तर सांगितलं असेल. त्या माझ्याजवळ जमिनीवर बसून रडल्या आणि म्हणाल्या, नाही शेवंता, मी विचारलंच नाही, कारण उत्तर मिळणार नाही हे मला माहीत होतं.

फौजदार आला. देवरावला ठाण्यात नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं. त्या संध्याकाळी कुठं होतास, तर म्हणे नाल्याच्या काठी एकटाच बसलो होतो. कोण मानणार ते? तुम्ही मोडका हात गळ्यात बांधून ठाण्यापर्यंत चालत गेलात आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलात. लिहून दिलंत की माझी कोणावर तक्रार नाही. फौजदार वैतागला. माझ्यासमोर बोलला तो, "तक्रार नको तर नको, पण निदान हा नव्हता एवढं तरी म्हणा, म्हणजे मी याला मोकळा करतो."

मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते, साहेब. एक 'नाही' हवा होता. तुम्ही खाली मान घातलीत.

त्यानं देवरावला सोडलं, कारण तक्रारच नव्हती. पण सुटला आणि निर्दोष ठरला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परतताना मी रस्त्यातच तुम्हाला अडवलं. तुम्ही मला समजावलंत, अगदी शांतपणे, जशी औषधाची मात्रा समजावून सांगावी तसं. "आज मी म्हणीन हा नव्हता. उद्या फौजदार दुसऱ्याले आनंन, मी म्हणीन हा बी नव्हता. आनं ज्या दिवशी मी गप्प राहीन, त्या दिवशी त्या मानसाच्या गळ्यात दोर. माह्यावाली चूप हेच साक्ष होईन." तुमचे लोक, मेनोनाइट, हातात शस्त्र धरत नाहीत, शपथ घेत नाहीत, कोणाला कोर्टात खेचत नाहीत, हे मला ठाऊक होतं. एवढ्यासाठी तुमच्या बापजाद्यांनी देशामागून देश सोडले हेही तुम्ही सांगितलं होतंत. पण ते देश त्यांनी स्वतः सोडले होते, साहेब. माझं घर तुम्ही का मोडलंत?

मोडलंत म्हणते, कारण पुढचं जे केलंत ते तुमच्यावाचून जगात कोणी केलं नसतं.

वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या दिवशी, तुमच्या मंडळीतले लोक एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही, असा त्याचा अर्थ. मी ते पाहिलं होतं आणि मला ते आवडलंही होतं, कारण आमच्या माणसांच्या पायांना हात लावणारा आम्ही आधी पाहिलेला नव्हता. तर देवराव सुटून आल्यावर जो प्रभुभोजनाचा रविवार आला, त्या सकाळी तुम्ही पितळेचं घंगाळ काखोटीला मारून आमच्या वस्तीत आलात. देवराव ओट्यावर बसला होता. तुम्ही त्याच्यासमोर मातीत गुडघे टेकलेत आणि एका हातानं त्याचे पाय धुवायला लागलात. दुसरा हात झोळीत. साबण दोनदा सटकला.

तुम्हाला वाटलं, हे पाहून सगळ्यांना कळेल. तोंडानं सांगता येत नाही ते पाण्यानं सांगू. किती भोळे होतात हो तुम्ही! पंधरा वर्षं आमच्यात काढून तुम्हाला एवढं कळू नये?

समोरच्या म्हातारीनं मोठ्यानं म्हटलं, "पाह्य माय, साहेबानं माफ केलं त्याले."

एका क्षणात सगळ्या वस्तीचा निवाडा झाला. ज्याला माफ केलं, त्यानं काहीतरी केलं असणारच. देवरावनं ओले पाय वर उचलून घेतले. तुम्ही वर पाहिलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर मला दिसलं की आपण काय करून बसलो हे तुम्हालाही कळलं. तेव्हा तरी उठून उभं राहायचं होतं. तेव्हा तरी ओरडून सांगायचं होतं! तुम्ही घंगाळ उचललंत आणि गेलात.

आता खरं सांगते. आजवर मी सगळ्यांना हेच सांगत आले की लोकांच्या तोंडाला कंटाळून माझा नवरा गेला. तुम्हालाही तेच ऐकवलं, रोज, तुमची नाडी धरतानासुद्धा. तो लोकांमुळे गेला नाही. लोकांना तो पुरून उरला असता.

त्या रविवारी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. तो मागं बसला होता. तुमचं ते गुडघ्यांवर ओलं झालेलं धोतर, धोतरच नेसायचात तुम्ही प्रभुभोजनाला, माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. साहेब उगाच कशाला येतील, असं माझ्याही मनात आलं. मी मागं वळून न पाहता विचारलं, "तुमीच होते का वो?"

तो म्हणाला, "तुले बी फौजदारानं धाडलं का?" त्यानं वहाणा घातल्या. मला वाटलं, अंगणात जातो आहे. भाकरी तव्यावर करपली आणि मी ती उलटली नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला आत्ता सांगते आहे, तुम्ही कोणाला सांगणार नाही म्हणून.

मग तुम्हाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात चला म्हणून मेमसाहेबांनी हात जोडले, तुम्ही ऐकलं नाहीत. मी तुम्हाला पेज भरवत होते आणि मनात एकच, हा माणूस बोलल्याशिवाय मरू नये. किती वाईट, नाही? सेवा केली मी तुमची, मनापासून केली, पण अर्धं लक्ष तुमच्या ओठांकडे होतं.

एका दुपारी तुम्ही आपणहून बोलायला लागलात. रशियातलं तुमचं गाव, गव्हाची शेतं, तुम्ही नऊ वर्षांचे. गावात लुटालूट चाललेली. शिपाई आले आणि विचारलं, घोडे कोणी नेले? तुम्ही बोट दाखवलंत, शेजारच्या गड्याकडे. तुम्हाला तसं वाटलं होतं. शिपायांनी त्याला धान्याच्या कोठाराच्या भिंतीशी उभं केलं आणि गोळी घातली. चार दिवसांनी घोडे दुसऱ्याच माणसाकडे सापडले. त्यानंतर तुमचं कुटुंब तो देश सोडून निघालं. आईनं पोती भरून पाव भाजून कडक केले होते आणि आगबोटीवर महिनाभर तुम्ही ते चहात बुडवून खाल्लेत. तुम्ही म्हणालात, प्रत्येक घासाला तो गडी दिसायचा.

मला रडू आलं. पण थांबले नाही मी. संधी अशी परत यायची नव्हती. तुमचा हात हातात घेतला, तोच, मोडून जुळलेला, आणि म्हटलं, "साहेब, नाव नका सांगू. ते मले नाईच पायजे. देवराव होता का नव्हता, मान हालवा फक्त. माह्यासाठी. कोनाले नाई सांगनार मी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आणि म्हणालात, "शेवंता, तू त्याच्या घरची. तुले माह्या शब्दाची गरज काहून पडली व?"

मी तुमचा हात खाली टाकला. पेजेची वाटी उचलली आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. त्या मधल्या वेळात मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही, पाणीसुद्धा मेमसाहेबांच्या हाती पाठवलं. याची लाज वाटते मला. पण तुम्हाला तुमच्या त्या प्रश्नाची लाज वाटली होती का? मरणाऱ्या माणसाला असं बोलून जाणं सोपं असतं. मागं उरलेल्यानं त्याचं काय करायचं?

चार दिवस तोच प्रश्न मी चघळते आहे. आणि देवरावचं पत्र. कधी वाटतं, ज्यानं काही केलं नाही तोच असं लिहील. मग वाटतं, तुम्ही कोणाचं नाव घेणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर लिहिलं नसेल? 'खरं काय ते सांगा' असं कुठं लिहिलं आहे त्यानं? त्या पाच ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटला. त्यातून काही निघत नाही, साहेब. तुम्ही उठून आलात तरच निघेल, आणि तुम्ही उठून आलात तरी बोलणार नाही!

आज दुपारी सुया उकळायला स्टोव्ह पेटवला. तुमच्या सहीचा तो कागद त्यावर धरला. पोटफुगा 'श' आधी काळा झाला आणि मग सगळंच गेलं. आता माझ्याकडे पाठवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मीच जाते आहे.

उद्या ढाणकीहून मोटारीनं निघेन. चांदा मी कधी पाहिलेलं नाही. पत्ता पदराला बांधला आहे. दवाखान्याची किल्ली समोरच्या म्हातारीकडे ठेवली, हो, त्याच म्हातारीकडे. तिच्यावर किती दिवस रागावून बसू? ती बोलली ते मीही मनात बोललेच होते.

तर तुम्हाला वचन देते. त्याला मी सांगेन की साहेब वारले, तुमचं पत्र त्यांना मिळालं नाही, ते मी वाचलं. त्यांनी मला काही सांगितलं नाही, आणि मी तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. घरी चला.

आणि समजा तो म्हणाला, होय, मीच होतो? या एका गोष्टीनं रात्रंदिवस माझा जीव खाल्ला आहे. तरीही मी हेच म्हणेन. घरी चला. हे मी तुमच्याकडून शिकले असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण दुसरं कोणाकडून शिकणार होते?

पाय मात्र मी त्याचे धुणार नाही. त्यातून लोक काय काढतात ते पाहिलं आहे. खाणीतून आलेला माणूस, पाय कोळशानं भरलेले असतील. मी अंगणात गरम पाणी काढून ठेवीन, त्याचे पाय तो धुवेल.

तो आला, तर त्याला घेऊन तुमच्याकडे येईन. शेळ्यांनी कुंपण पुन्हा तोडलं आहे, ते तो नीट करील. तो तुमच्याशी भांडेल, रडेल, कदाचित काहीच बोलणार नाही. तुम्ही तेव्हाही गप्प राहिलात तरी आता चालेल.

तुमच्या दवाखान्यातली,
शेवंता